दुसरी पिशवी

थोरलीने नाकावर रुमाल बांधला आणि पिशवीची तोटी उघडली. धाकट्या जावेच्या पोटातून नळीवाटे आलेला पिवळट-करडा पू मापाच्या भांड्यात गोळ्यागोळ्यांनी पडू लागला. घशाशी आलेलं तिने कसंबसं गिळलं.

"ताई, राहू द्या. नर्स करेल."

"नर्सला वीस खाटा बघायच्यात."

दीर पहिल्याच दिवशी दारातून परतला होता. वासानेच त्याला भोवळ आली. थोरलीला भोवळ येत नसे, नुसती किळस येई. भांडं ओतताना, साबणाने तीनदा हात धुतल्यावर, घरी पहिला घास उचलतानाही.

अपेंडिक्स फुटून पोटात गळू झालं होतं. नळी घातली, शिरेतून औषधं सुरू झाली. तरी चौथ्या दिवशीही ताप हटेना.

डॉक्टरीणबाई तक्ता चाळत म्हणाल्या, "एव्हाना उतार पडायला हवा होता. इथे आणण्याआधी किती दिवस दुखत होतं?"

"दोनच," धाकटी म्हणाली. थोरलीकडे तिने पाहिलं नाही.

थोरली चादरीची घडी घालत होती. हात मध्येच थांबले.

"आठ," ती म्हणाली. "आठ दिवस कण्हत होती. कामाचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं, असं मी चारचौघांत म्हणायचे. म्हणून कुणी लक्ष दिलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोनचा आकडा खोडला, आठ लिहिलं.

"मग आत आणखी एखादा कप्पा असू शकतो. आजच स्कॅन करू. तो रिकामा झाला तर बरी होईल. राहिला, तर विष अंगभर पसरेल."

कप्पा निघाला. आतड्यांच्या आड, लिंबाएवढा. दुपारी दुसरी नळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला घाम सुटला आणि ताप उतरला.

"का सांगितलंत?" धाकटीने हळूच विचारलं. "आता घरात सगळे तुम्हालाच बोल लावतील."

"लावू देत."

थोरलीने नव्या पिशवीची तोटी उघडली. हिचा वास पहिलीहून घाण होता. तिला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं. तोटीवरचा हात मात्र हलला नाही.

"किती झालं, ताई?"

"थांब," थोरली म्हणाली. "अजून येतंय."