बारमाही पाणी

"माजा फोटू काड त्यातना," माघी दारातूनच म्हणाली. आत येऊन तिनं घडी घातलेला कागद हर्षालीच्या टेबलावर ठेवला.

कागदावर संस्थेच्या वेबसाइटचं पान छापलेलं होतं. नळाखाली हंडा धरून हसणारी माघी, तिच्या डोक्यावर मथळा, 'पाड्यावर बारमाही पाणी', आणि तळाशी बारीक अक्षरात 'लेखन : हर्षाली'.

"टँकर मागाया गेलो, तं गिरामसेवक बोलला, तुमच्याकडं पानी हाय. ह्यो कागूद दावला. आता बाया माज्यावर उठल्यात. बोलतात, तूच हसलीस."

"नळ कधीपासून बंद आहे?"

"होळीपासना. झऱ्यावर जातो. वाटीवाटीनं भरतो. तूच लिवलास ना ह्यो?"

हर्षालीनं मथळा पुन्हा वाचला. 'बारमाही' हा शब्द तिचा नव्हता. पण टाइप तिनंच केला होता.

जव्हारच्या त्या संस्थेत ती दोन वर्षं वेबसाइट सांभाळत होती. पाड्यांवर हिंडून माहिती आणायची, मजकूर लिहायची, मान्यतेसाठी पाठवायची. प्रकल्पप्रमुख धर्मेंद्र सरांच्या मान्यतेशिवाय पान प्रसिद्ध करायचं नाही, असा नियम होता. पण सरांना संगणकाचा कंटाळा. त्यांनी आपला पासवर्ड तिलाच देऊन ठेवला होता. ते खुर्चीतून 'चालेल' म्हणत आणि ती त्यांच्या नावानं बटण दाबी. नळाच्या उद्घाटनानंतर 'जरा वजनदार लिही, बारमाही टाक' असं ते म्हणाले, तेव्हाही तिनं मुकाट्यानं टाकलं होतं.

"उद्या ये, माघीताई," ती म्हणाली. "मी बघते."

तिनं लगेच दुरुस्ती लिहिली. 'मार्चपासून नळाला पाणी नाही. बायका झऱ्यावरून पाणी आणतात.' या वेळी मात्र तिनं सरांच्या नावानं काही केलं नाही. रीतसर मान्यतेसाठी पाठवून दिलं आणि त्यांना तसं सांगितलं.

सर तिच्या टेबलाशी आले. पडद्यावरचं वाचून हसले.

"अगं, उन्हाळ्यात कुठं आटत नाही? पुढच्या आठवड्यात मुंबईची देणगीदार मंडळी बघायला येणारेत. हे खोड आणि 'मुबलक पाणी' घाल. दे मान्यता माझ्या नावानं, नेहमीसारखी."

"नाही सर."

"काय नाही?"

"मी दाबणार नाही. तुम्ही दाबा." तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर त्यांचा पासवर्ड लिहून पुढं सरकवला. "हा तुमचा. आजच बदलून घ्या. कुठला शब्द कुणी बदलला, कुणी मंजूर केला, सगळं नावानिशी आत राहतं. मीही दोन वर्षं तुमच्या नावानं दाबत आले. चुकलंच माझं."

"धमकी देतेस?"

"नाही. पाड्यावरच्या बाया वाटीनं पाणी भरतात, आणि आपल्या पानामुळं त्यांचा टँकर अडलाय."

सर खुर्ची ओढून बसले. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी पासवर्ड घातला, 'मुबलक पाणी' लिहिलं. बटणापाशी बाण नेला. खाली त्यांचं संपूर्ण नाव आणि आजची तारीख दिसत होती. हात माउसवर तसाच राहिला. मग ते उठले.

"तुझा करार महिनाअखेर संपतोय, नाही का?"

"हो सर."

"बरं."

ते केबिनमध्ये गेले. हर्षालीनं आपल्या नावानं प्रवेश केला. नवं पान प्रसिद्ध करायचा अधिकार तिला नव्हता. आपण लिहिलेलं पान मागे घ्यायचा मात्र होता. कारणाच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'मार्चपासून नळाला पाणी नाही. पानावरची माहिती खोटी आहे. चूक माझीही आहे.' नळाखालची माघी पडद्यावरून गेली. त्या नोंदीची प्रत छापून हर्षालीनं खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी माघीनं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यात काय हाय?"

"पाणी नाही, असं आहे. आणि पहिलं लिहिलेलं खोटं होतं, असं. माझी सही आहे."

"तुला बोलतील ना?"

"बोलले."

माघीनं कागद कमरेला खोचला आणि ग्रामसेवकाला तो दाखवायला खोडाळ्याची गाडी धरली. चौथ्या दिवशी पाड्यावर टँकर पोचला. ते पान पुन्हा कुणी चढवलं नाही. चढवायचं तर कुणाचं तरी नाव लागलं असतं.

हर्षालीचा करार वाढला नाही. जूनमध्ये एका शाळेत लिपिकाची जागा निघाली. घरी ती अर्ज भरत बसली होती. तिचा नवरा नीलेश शेजारून बघत होता. 'आधीची नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"घरगुती अडचण लिही," तो म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

रकाना अरुंद होता. तिनं अक्षर बारीक केलं आणि लिहिलं, 'खोटा मजकूर मंजूर केला नाही.'

नीलेशनं वाचलं. मग त्यानं शाई वाळावी म्हणून कागदावर हळूच फुंकर घातली.