काळतोंडीची पुरचुंडी

मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर जायची वेळ नसते. पण गोदाबाईचं डोकं आतून तापलं की तिला बाहेरच्या उन्हाचं काही वाटत नसे. डोक्यावर ओला पंचा टाकून ती टाकीच्या सावलीत उभी होती आणि सुनेने ओळीने मांडलेल्या रिकाम्या टबांकडे असं बघत होती, जसं काही त्या टबांनीच तिचं काही चोरलं होतं.

सून प्रणाली अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. गच्चीचा नकाशाही तिने गणितासारखाच मोबाइलवर काढला होता. इकडे ढोबळी मिरची, तिकडे पिवळी, मधल्या टबांत कुठलीशी परदेशी, आणि भिंतीला लागून आईंची काळतोंडी. मृग लागायच्या आत रोप टाकायचं होतं.

"हे मधात कोन?" गोदाबाईने मोबाइलवर बोट ठेवलं. नकाशा एकदम फुगला आणि अर्धे टब पडद्याबाहेर गेले.

"ती मेक्सिकोची आहे, आई. बी मागवलंय मी."

"मंग तिले मेक्सिकोतच राहू दे. काळतोंडीच्या मांडीले मांडी लावून नाई बसवाची. माश्या इच्या फुलावरून तिच्या फुलावर जातात. पुढच्या साली जे निघन, ते ना मायसारखं ना बापासारखं."

"बरं, मग जिन्याकडे ठेवते तिला. काळतोंडीला किती टब धरू?"

गोदाबाईने डोक्यावरचा पंचा पुन्हा सारखा केला. एरवी तिला प्रश्न विचारायची खोटी, उत्तर तयार असायचं. अकोटजवळच्या गावात होती तोवर शेजारणी लेकीबाळींच्या सोयरिकीचं विचारायला तिच्याकडे येत. आणि आज टब किती, एवढं तिला सांगता येईना.

"धरजो उद्या," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

काळतोंडी ही मिरची दुसऱ्या कोणाकडे नव्हती. पिकायच्या आधी ती काळी पडते, वांग्यासारखी चकचकीत, आणि मग एकाएकी लाल होते. तिचा ठेचा जिभेला आधी गोड लागतो, मागून घाम फोडतो. गोदाबाईच्या सासूने ती माहेराहून आणली होती. दोघी सुना सासूला आत्याबाई म्हणत. मरायच्या आदल्या साली आत्याबाईने थोरल्या सुनेला, म्हणजे गोदाबाईला, न्हाणीमागे बोलावून बी दिलं होतं आणि म्हणाली होती, कोनाले सांगजो नोको. तेव्हापासून गोदाबाईने गावभर ठेचा वाटला, पण बी कोणाला दिलं नाही. मालक गेले, लेकाने, श्यामने, तिला अमरावतीला आणलं, शेत मक्त्याने गेलं, परसात मक्तेदाराची गुरं बांधली गेली. आता होतं ते एका पुरचुंडीत होतं. मिरचीचं बी काही जन्मभर थांबत नाही. या हंगामात ते लागलं नाही, तर काळतोंडी संपली.

आणि घरात उरलेली पुरचुंडी काळतोंडीचीच आहे की नाही, हेच गोदाबाईला कळत नव्हतं.

घोळ परवा झाला होता. धाकटी जाऊ कौशल्या अकोटहून कोणाच्या तरी साक्षगंधाला अमरावतीला आली होती. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून ती इकडे वाकडी वाट करून आली. चहा व्हायच्या आत तिने विषय काढलाच.

"बाई, तुमी तं आता गच्चीवाल्या झाल्या. काळतोंडीचं बी द्या की मले. माह्याकडं आंगन हाय, पानी हाय."

गोदाबाईने तिच्याकडे पाहिलं. ही बाई लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापायला बसली की पीठ कमी आणि बांगड्यांचा आवाज जास्त. आणि हिला काळतोंडी पाहिजे!

"देते नं," गोदाबाई गोड हसून म्हणाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर तेव्हा दोन पुरचुंड्या होत्या. एक काळतोंडीची. दुसऱ्या पुरचुंडीत प्रणालीने बाजारच्या वाळल्या मिरच्यांतून सरावासाठी खरवडलेलं बी होतं, आणि तीही गोदाबाईनेच बांधली होती. दोन्ही एकाच कापडाच्या, आत्याबाईच्या हिरव्या लुगड्याच्या. गोदाबाईने मनाशी ठरवलं, हिला बाजारची द्यायची. दिवाळीला मिरच्या काळ्या झाल्या नाहीत, तर अकोटच्या पाण्याला नाव ठेवता येईल.

पण त्या घरात मीठ-मिरची हातात द्यायची रीत नव्हती. हातातून हातात दिली की भांडण लागतं, म्हणून खाली ठेवायची आणि घेणारीने उचलायची. तेच बियाला. गोदाबाईने बाजारची पुरचुंडी ओट्यावर पुढे सरकवली, "हे घे, उचल" म्हणाली, आणि चहा उतू चालला म्हणून गॅसकडे वळली. घेणारी उचलते तेव्हा देणारीने बघायचं नाही, हीसुद्धा रीतच. चहा गाळून ती मागे वळली, तेव्हा ओट्यावर एकच पुरचुंडी होती. कौशल्या पिशवीची चेन लावत होती.

कोणती नेली? पुढची की मागची? कौशल्याला अकोटच्या गाडीत बसवून श्याम घरी परतला, तोवर गोदाबाईने उरलेली पुरचुंडी पन्नासदा उलटीपालटी केली होती.

कापड तेच. गाठ तीच, दोनदा पिळून आत खोचलेली, आत्याबाईने शिकवलेली. बी मात्र जास्त वाटत होतं. काळतोंडीचं इतकं नव्हतं. मग बाजारचं? पण बाजारचं तर फिकट आणि मोडकं होतं, हे भरलेलं आणि पिवळसर. मग काळतोंडीचं? पण गोदाबाईने आपल्या बियाला राख चोळली होती, आणि इथे राखेचा कण नाही. बाजारच्याला तर राख लावलीच नव्हती... की लावली होती? तिने एक बी दाताखाली धरलं. तिखट लागलं. मिरचीचं बी तिखट लागणार, त्यात काय कळलं! पाण्यात टाकून पाहिलं, सगळं तळाशी गेलं. म्हणजे बी जिवंत, पण कोणाचं जिवंत?

"डोये गेले का माह्ये," ती स्वतःशीच म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर दिवाळीतच झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाला होता, आजी, आता सुईत दोरा ओवाल.

कौशल्याला फोन करून विचारणं एका मिनिटाचं काम होतं. पण विचारायचं काय? तू चुकीची नेली का? मग ती म्हणेल, चुकीची म्हणजे? दोन प्रकारच्या होत्या का? मग मले कोनती देत होत्या? तिथून पुढे गोदाबाईला तोंड उघडायची सोय नव्हती.

दोन दिवस ती घरात अशी वावरली की भांडी आपटल्याशिवाय खाली ठेवली गेली नाहीत. श्यामला म्हणाली, वरण पानचट झालं. वरण तिनेच केलं होतं.

गच्चीवरून उतरल्यावर प्रणाली तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. गोदाबाईने पुन्हा ताटलीत बी पसरलं होतं आणि ती बोटाने ते इकडून तिकडे करत होती.

"आई, काय झालंय? खरं सांगा."

"काय व्हाचं हाय? बी पाहून राहिली."

"परवापासून पाहताय. आणि माझी पुरचुंडी कुठे आहे? बाजारच्या मिरच्यांची?"

गोदाबाईने ताटली आपल्याकडे ओढली. प्रणालीने ताटलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि गणितवाल्या बाईला जे कळायचं ते कळलं.

"काकूंनी एक नेली. आणि कोणती नेली ते तुम्हाला माहीत नाही."

"हळू बोल. श्याम आयकन."

"मग फोन करू या ना काकूंना."

"फोन लाव. पन मी काही विचारनार नाई. मी फक्त बोलनार."

प्रणालीने फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"कौशल्ये, पोचली का बरोबर?"

"परवा पोचली नं, बाई! आज कशी काय आठवन आली?"

"असंच. म्हनलं, रोप टाकलं का काय पाहावं."

"टाकतेच आता. जागा करून ठेवली. बरं झालं, तुमी दोन दिल्या."

गोदाबाईने फोनकडे असं पाहिलं, जणू तो मधेच दुसऱ्याच भाषेत बोलला होता.

"दोन काय?"

"दोन पुरचुंड्या ठेवल्या होत्या नं ओट्यावर? तुमी म्हनल्या उचल, म्या दोन्ही उचलल्या. मनात म्हनलं, आपल्या बाईचा जीव कवा मोठा झाला, आपल्याले समजलंच नाई."

प्रणालीने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. गोदाबाईच्या बोटाखालचं बी थांबलं.

"दोन्ही नेल्या? मंग हे अठी हाय ते कोनाचं?"

"माहं! अवं बाई, बियाची जागा रिकामी ठेवत नाईत, इसरल्या का? आत्याबाईचीच शिकवन. घेतलं तिथं आपलं ठेवावं लागते. ते काळतोंडीच हाय."

"तुह्याकडं काळतोंडी कुठून आली?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग कौशल्याचा आवाज बारीक झाला. "आता सांगाले हरकत नाई. आत्याबाईनं देल्ली होती. न्हानीमांगं बोलावून, आपल्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. म्हनल्या, कोनाले सांगजो नोको."

गोदाबाई स्टुलावर बसली. तिला आधी वाटलं, ही खोटं बोलते. पण न्हाणीमागची जागा कौशल्याला कोणी सांगितली? शब्दही तेच, एकही इकडचा तिकडे नाही. मग म्हातारीने दोघींनाही... आणि आपण इतकी वर्षं गावभर मान वर करून फिरलो, त्याचं काय? आणि ही बया इतकी वर्षं आपला ठेचा चाटूनपुसून खाऊन, "बाई, असा तं कोनाचाच नाई" म्हणत होती, तेव्हा हिच्या अंगणात काय होतं? आणि होतंच, तर हिने मागितलं कशाला?

"तुह्याकडं होतं तं मले कशाले मांगितलं?"

"माह्यं जुनं झालं होतं. म्हनलं, ताजं मियन तं बरं. आन तुमी देता का नाई, तेबी पाहाचं होतं."

मग तीच खुशीत येऊन म्हणाली, "म्या तं तुमच्या दोन्ही पुरचुंड्या एका वाटीत केल्या. भिजत घालते आज संध्याकाळी. माही जुनी थोडीशी उरली होती, तीबी त्याच वाटीत टाकली."

प्रणालीने सासूकडे पाहिलं. ते आता दोघींनाही दिसत होतं. अकोटच्या त्या वाटीत गोदाबाईची काळतोंडी आणि बाजारची मिरची एकत्र होती, राखेत माखलेली, कोणालाही निवडता न येण्यासारखी. एका वाफ्यात फुलल्या की माश्या आपलं काम करणार. चांगलं बी आता फक्त या ताटलीत होतं, आणि ते कौशल्याचं होतं.

काही न बोलता फोन ठेवता आला असता. अमरावतीत गोदाबाईची काळतोंडी गच्चीवर उभी राहिली असती, लोकांनी नाव काढलं असतं, आणि अकोटला कौशल्याच्या घरी काळतोंडी म्हणून भलतंच काही निघालं असतं. म्हणजे परवा जे करायचं ठरवलं होतं, नेमकं तेच, आणि तेही न करता. गोदाबाईचा हात फोनकडे गेला. मग तो तिथेच थांबला. चुकून या गच्चीवर काही झालं, ऊन लागलं, वांदरं आली, तर मग कुठेच काही नाही.

"कौशल्ये, भिजत घालू नोको."

"काहून?"

"म्हनते नं, नोको."

"अवं पन काहून?"

गोदाबाईने प्रणालीला हाताने बाहेर जायची खूण केली. प्रणाली गेली नाही.

"त्या दोनांतली एक बाजारची होती. तुले तेच देत होती मी. समजलं? आता बोल, काय बोलाचं ते."

कौशल्या बोलली. सगळ्या अकोटची हवा छातीत भरून बोलली. लग्नातल्या भाकरीपासून सुरुवात केली आणि आत्याबाईच्या तेराव्याच्या जेवणापर्यंत आली, थोरलेपणा काढला, गच्ची काढली, मिरचीएवढ्या बाईचा मिरचीएवढाच जीव म्हणाली. गोदाबाईने आयुष्यात इतका वेळ कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. दोनदा तिच्या ओठांवर उत्तर आलं, चांगलं धारदार, पण कुठून सुरू करावं हेच सुचेना. कौशल्याचं म्हणणं सगळं खरं होतं, यानेच ती जास्त गोंधळली.

शेवटी तिकडचा दम संपला.

"आता मी काय पेरू?" कौशल्याने विचारलं. आवाजात राग होता, पण रडूही होतं.

"हे जे अठी हाय, ते अर्धं देते पाठवून."

"माहंच बी मले अर्धं पाठवता?"

"मंग पूर्न पाठवू?"

"नाई," कौशल्या म्हणाली. "अर्धं तुमी लावा. एका जागी नोको." आणि फोन ठेवता ठेवता, "श्यामच्या हातानं पाठवजा. कुरियरनं नोको." फोन बंद झाला.

"आई, मग किती टब धरू?" प्रणालीने हळूच विचारलं.

"सगळे. तुही मेक्सिकोवाली यंदा खाली मोरीपाशी."

गोदाबाईने ताटलीतल्या बियाचे दोन ढीग केले. एक अकोटचा, एक आपला. आयुष्यभर वाटे तिनेच घातले होते, आणि थोरलीचा वाटा बोटभर जास्त, हे तिच्या हाताला न सांगता कळत असे. तिने एका ढिगातून चिमूटभर काढून दुसऱ्यात टाकलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा थोडं परत केलं. कमी कोणता आणि जास्त कोणता, हे तर दिसत होतं. जास्तीचा कोणाला, हे मात्र तिला काही केल्या समजेना, आणि श्याम चपला घालून दारात उभा राहिला तरी तिचं बोट दोन्ही ढिगांच्या मधेच फिरत होतं.