रिठ्याचं पाणी

काशिरामने क्रिस्टल खोबणीत दाबला, बॅटरीची तार जोडली आणि मीटरच्या काट्याकडे डोळे लावले. काटा ढिम्म. त्याने क्रिस्टल काढून पुन्हा बसवला, टेबलावर बोट आपटलं, मीटरमागच्या काचेच्या व्हॉल्व्हची वात पेटलीय ना ते वाकून पाहिलं. वात चांगली लाल होती.

"हात् तिच्यायला!"

परवापर्यंत हाच क्रिस्टल ठणठणीत होता. लष्कराच्या मोडीतून आणलेल्या पेटीतले कितीतरी क्रिस्टल त्याने असेच तपासले होते. अंगठ्याएवढी काळी डबी, तिला खाली दोन पाय, आत काचेसारखी चौकोनी चकती. वीज मिळाली की चकती थरथरते आणि काटा चढतो. चढला तर जिवंत, नाहीतर मेलेला. शिवाय प्रत्येक चकतीचा थरथरण्याचा आपला आकडा असतो. ती घासून पातळ केली की आकडा वर जातो, पण एकदा जास्त घासली की संपलं, मागे फिरता येत नाही. मुंबईच्या एका साहेबाने सांगितलेल्या आकड्याजवळची पेटीत एकच चकती निघाली. ती त्याने काचेवर बारीक पूड आणि पाणी घेऊन, जीव मुठीत धरून घासली आणि नेमकी आकड्यावर आणली. उद्या ती साहेबापुढे ठेवायची. चालली तर बोटींचे वायरलेस जोडायच्या कारखान्यात नोकरी. नाहीतर मीठ आहेच.

मिठाचा त्याला वीट आला होता. लढाईत वायरलेसवर बसलेला माणूस तो. परत आला तेव्हा मागे कोणी उरलं नव्हतं. तुळशीरामने आपली एकुलती एक मुलगी दिली, ती घरजावई व्हायच्या अटीवर, आणि पोटात आग पडलेल्या काशिरामने फार विचार न करता मान हलवली. तेव्हापासून पनवेलच्या खाडीकाठच्या वखारीत तो मिठाच्या गोण्या तोलत होता. बंदरावर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तुळशीरामाचा जावय, बस्स. हाताची चिरलेली बोटं सुद्धा आपली नाहीत असं त्याला वाटायचं.

त्याने डबीचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. चकतीवर ओशट डाग होता. त्याने नाकाशी धरली. खोबरेल.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मिठाच्या घरात लोखंड टिकत नाही म्हणून तुळशीराम दर शनिवारी तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन वखारभर फिरायचा. तराजूच्या साखळ्या, बिजागऱ्या, कुलपं, दिसेल त्याला तेल. एकदा तर म्हाताऱ्याने रेडिओच्या बटणांनाही तेल चोळलं होतं.

तुळशीराम वखारीच्या दारात बसला होता. काशिराम तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, माझ्या डबीला तेल लावलंत?"

"कंची डबी?" म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "त्या काल्या डब्या? अरं, मला त्या दिसतात कुठं! पेटीच्या कडीला लावला व्हता. पार गंजली व्हती." मग पुन्हा तंबाखू मळत म्हणाला, "आन् उंद्या गाडी भरायची हाय. कुठं जाऊ नको."

काशिराम परतला. टेबलावर ते तीन स्क्रू पडले होते, तिळाएवढे. म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तो हे स्क्रू काढून परत बसवणार? आतली स्प्रिंगही जागच्या जागी होती. हे काम नीट पाहिलेल्या माणसाचं होतं. त्याने चकती उजेडात धरली. डाग साधा नव्हता. तो बोटाचा ठसा होता, लहानसा.

लग्नानंतर पहिल्या वर्षी वेणू शेजारी बसून बघायची. "हात लावू नकोस हं," त्यानेच सांगितलं होतं, "बोटाचं तेल लागलं की मुका होतो." पुढे त्याने तिला काही सांगायचंच सोडून दिलं.

म्हणजे बायकोसुद्धा बापाच्या बाजूची. बरं झालं, कळलं. त्याने बाटलीतल्या रिठ्याच्या पाण्यात चकती धुतली, चिमट्याने धरून वाळवली, डबीत बसवली. काटा टुणकन वर चढला. काशिरामने तो क्षणभर तसाच पाहिला आणि डबी काढून खिशात टाकली. पहाटे उठायचं आणि पहिली एस्टी धरायची. घरात कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

वेणू चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही.

"चालतोय का वो?"

"मेला," तो म्हणाला. खिशातली डबी मांडीला टोचत होती.

वेणूच्या तोंडावरचा रंग उतरला. ती आत गेली आणि एक पितळी वाटी घेऊन आली. वाटीत फेसाळलेलं रिठ्याचं पाणी होतं.

"एकदा धुवून बघा," ती म्हणाली. "मी बोट लावला व्हता. तेलाचा."

"का?"

"तुमची पिशवी भरलेली बघितली. मुंबईला जानार ते शेजारच्या महादेव भावजींना ठाव, मला नाय." तिचा आवाज चढला. "तुमी सुटाल. लोक बोलतील, घरजावय पलाला. मंग मी कुठं जाऊ? ह्याच मिठात ना?"

काशिरामला एकदम लाज वाटली. ही पण इथेच अडकलीय, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने खिशातली डबी काढली, स्क्रू सोडवले आणि आधीच स्वच्छ झालेली चकती तिच्या वाटीत बुडवून पुन्हा धुतली. सावकाश, दोन्ही बाजूंनी. वाळवली, बसवली.

काटा चढला.

"बोलला!" वेणू म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"पहाटेच्या गाडीने जाऊ," तो म्हणाला. "दोघंही. ट्रंक भर."

"आबांना कोन सांगंल?"

"मी सांगतो. आजच." त्याने डबी काढून पुन्हा खिशात टाकली. "तू ट्रंक भर."

"कंची ट्रंक?" रडता रडता तिला हसू फुटलं. "मी सासरी गेले कवा, ट्रंक असायला?"

काशिरामने ती लष्करी पेटी ओढली आणि टेबलावर उपडी केली. इतकी वर्षं एकेक करून तपासलेले, निवडून वेगळे ठेवलेले क्रिस्टल खडखडत एकात एक मिसळले. काही खाली पडले. ते उचलायला तो वाकला नाही. आतला पेंढा झटकून त्याने पेटी तिच्यापुढे सरकवली.

"दोन लुगडी मावतील."

वेणूने डोळे पुसले. तिने पेटीची कडी एकदा लावली, एकदा काढली. कडी अजिबात वाजली नाही.