गाठ मारलेली वायर

"काका, डावा पेटतोय ओ!"

"डावा कसा पेटंल? मी उजवा दिलाय. नीट बघ की!"

"बघूनच सांगालेय! फुडचा उजवा पेटतोय, मागचा डावा."

पूर्णिमा मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती, मी हँडलपाशी. सकाळपासून त्या जुन्या स्कूटरने माझा जीव खाल्ला होता. चौदा वर्षं पडून राहिलेली गाडी. बल्बच्या बुडाला गंज, अर्थिंगच्या पट्टीला गंज, इंडिकेटरच्या फ्लॅशरमधून तर चक्क माती निघाली. सगळं घासून, बदलून एकदाची टिकटिक सुरू झाली, तर ही म्हणते डावा! मला रागच आला. उद्यमनगरात बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय हा प्रभुलिंग, आणि बँकेत बसणारी पोरगी मला डावं-उजवं शिकवणार? तरातरा मागे गेलो.

मागचा डावा दिवा मजेत उघडझाप करत होता.

"कुणीतरी अडाण्यानं हात घातलाय," मी म्हणालो. "वायरी उलट्या जोडल्यात. थांब, आत्ता दावतो तुला त्या शहाण्याची करामत."

मी दिव्यामागचं झाकण उघडलं. आत दोन पिवळ्या वायरी होत्या. जोडांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि एका वायरीला लाल दोऱ्याची गाठ.

स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातातून खाली पडला.

चिकटपट्टी उन्हाने सुटते म्हणून जोडाला ट्यूबची पट्टी बांधायची, आणि उजव्या बाजूच्या वायरीला लाल गाठ मारायची, ही आमच्या रुद्राप्पा उस्तादांची पद्धत. उस्ताद गेले, त्यांच्या हाताखालचे बाकीचे दुसऱ्या धंद्याला लागले. अख्ख्या कोल्हापुरात अशी गाठ मारणारा मी एकटा उरलो होतो, आणि त्याचा मला केवढा तोरा! ती गाठ मारलेली वायर डाव्या दिव्यात गेली होती. मला दरदरून घाम फुटला.

ही स्कूटर पूर्णिमाच्या वडिलांची, जोतीरामआण्णांची. आण्णा दूध संघात कारकून होते. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी ते बायकोला, अंबूवहिनींना, मागे बसवून माझ्या दुकानात आले होते.

"प्रभू, उद्या हिला घिऊन कोडोलीला निघालोय, मेव्हण्याकडं," आण्णा म्हणाले. "हायवेला गाड्या नुसत्या अंगावर येत्यात. ह्या गाडीला इंडिकेटरच न्हाईत. बसवून दे."

बसवले. त्या दिवशी दुकानात पिवळीच वायर शिल्लक होती, म्हणून दोन्ही बाजूंना पिवळीच ओढली. खालून वायर न्यायची म्हणून पेट्रोल काढलं, पोतं अंथरलं आणि स्कूटर पालथी घातली. तशीच मागचे दिवे जोडून टाकले. आता कळतंय ना! पालथ्या गाडीचा माझ्या उजव्या हाताला आलेला दिवा, गाडी सरळ केली की डावा होतो. बत्तीस वर्षांत हे मी शंभर पोरांना शिकवलं असेल.

गाडी उभी केल्यावर मी बटण दाबलं आणि ओरडलो, "वैनी, पेटला का मागचा?" अंबूवहिनी मागे उभ्या होत्या. "पेटला, पेटला!" म्हणाल्या आणि हसल्या. कुठल्या बाजूचा, ते मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात तेवढंच विचारतात, पेटला का.

दुसऱ्या दिवशी कोडोलीच्या अलीकडे, मेव्हण्याच्या शेताकडे उजवीकडे वळताना मागून टेम्पो आला. अंबूवहिनी जागेवर गेल्या. आण्णांचा पाय गेला.

टेम्पोवाला सगळ्यांना सांगत होता, "म्हाताऱ्यानं डावा दिवा दिला, म्हणून मी उजवीकडनं काढली." आण्णा ओरडून सांगत होते, "मी उजवा दिला हुता!" गाडीची बॅटरी फुटलेली, तपासणार कोण आणि कशावर? सगळ्यांनी ठरवून टाकलं, आण्णा गोंधळले, चुकीचं बटण दाबलं. मेव्हण्यांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. आणि मी, हा शहाणा, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून म्हणालो होतो, "आण्णा, घाईत हुतं माणसाकडनं. मनाला लावून घिऊ नका."

हे माझं तोंड!

"काका, बसा की खाली. बीपी वाढलंय काय? पाणी आणू?" पूर्णिमा म्हणाली.

मनात आलं, दोन वायरींची अदलाबदल करायची, दोन मिनिटांचं काम. झाकण लावायचं आणि गाडी द्यायची. कोण विचारतंय? मी खरंच पक्कड उचलली, खोटं कशाला सांगू. पण पूर्णिमा त्या डाव्या दिव्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, ह्या वायरी अपघातानंतर कुणी उघडल्या न्हाईत. गाडी आमच्या गोठ्यातच हुती." ती हळू बोलत होती. "मंजी आण्णांनी उजवाच दिलेला?"

मी पक्कड खाली ठेवली.

"कुणी जोडलं हुतं हे?"

"मी," मी म्हणालो.

तिने मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला. तुमच्या तोंडानं सांगा त्यांना."

आण्णा घराच्या सोप्यात पलंगावर बसून वाटाणे सोलत होते. मला बघून खूश झाले. "ये रं प्रभू! झाली का गाडी?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. गाठ, पिवळी वायर, पालथी गाडी, सगळं. आण्णांनी मधेच एकदा "परत सांग" म्हटलं. परत सांगितलं. ताटलीतले वाटाणे त्यांनी बाजूला सरकवले आणि उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला.

"ह्यो अंगठा," आण्णा म्हणाले. "चौदा वर्सं शिव्या घातल्या ह्येला मी. पैलं वर्सभर वाटायचं, मी उजवाच दिलाय. मग सगळीच म्हणाया लागली, तवा मलाबी डावाच दिल्यागत दिसाया लागला. वर्सश्राद्धाला मेव्हण्याच्या पाया पडून कबूल क्येलं मी. बायकू मारली म्हणून कबूल क्येलं!"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, आणि पाय एकच आहे हे आठवून तिथेच हंबरडा फोडला. मला साठाव्या वर्षी असं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

"रडू नगंस," आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "पूर्णे, कोडोलीला फोन लाव. मामाला."

"आण्णा, ते आपला फोन उचलत न्हाईत."

"तुझ्या बँकेनं दिलेल्या फोनवरनं लाव. त्यो लंबर त्येला म्हाईत न्हाई."

फोन लागला. पूर्णिमाने तो स्पीकरवर ठेवून त्यांच्या हातात दिला. पलीकडून जाडसर आवाज आला, "कोण?"

"मी जोतीराम बोलतोय, पावणं. फोन ठिवू नका." आण्णांनी श्वास घेतला. "मी त्या दिवशी उजवाच दिला हुता."

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडत होती.

"आता काय त्येचं?" पलीकडचा आवाज म्हणाला. "आणि सांगतंय कोण?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "हाय एक जण, हितं बसलाय," ते म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी हात पँटीला पुसले आणि फोन घेतला.