मिस रोवेनाचा निळा दरवाजा

मी मिस रोवेनाच्या घराचा निळा दरवाजा बोलतोय. दोन जाड फळ्या, एक कडी आणि डाव्या अंगाला चार भोकं, एवढाच माझा संसार. त्या भोकांवर पूर्वी पितळी पाटी होती. पाटी काढून नेली, भोकं राहिली. त्यांतून खारा वारा आत शिरतो आणि रिकाम्या खोलीत फिरून परत येतो.

आमच्या बेटासमोरच्या खडकावर एक जहाज फुटलं होतं. त्याच्या फळ्यांतून थॅडियस सुताराने मला घडवलं. कुलूप बसवू का, असं विचारताच रोवेना हसली. "कशाला? चोर काय पोहत येणार आहे इथे?" मग मला नुसती कडी मिळाली. टकटक झाली की आतून आवाज यायचा, "ये, उघडंच आहे." कोण आलंय हे ती विचारायची नाही. आलेल्याने गवती चहा आणि तळलेली भाकरी संपवेपर्यंत त्याला कामाचं विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. कोळी आपली होडी बहिणीच्या नावावर ठेवतो. समुद्राने माणूस नेला तरी होडी घरात राहावी म्हणून. बायको उद्या दुसरा करील, बहीण कुठे जाणार? रोवेनाचा धाकटा भाऊ झीकी, त्याची होडी तिच्या नावावर होती. ज्यांना बहीण नव्हती तेही तिच्याकडे यायचे. नाव मागणं म्हणजे मान देणं, आणि ते कशाला हवंय असं विचारणं म्हणजे अपमान.

"अर्धं बंदर माझ्या नावावर आहे, आणि मला साधं पोहता येत नाही," ती म्हणायची.

"बरंच आहे की," झीकी म्हणायचा. "मालकीण बुडायची तरी भीती नाही."

मग ते मोठं वादळ आलं. छप्पर उडून समुद्रात गेलं, भिंती खचल्या, मी मात्र चौकटीसकट उभा राहिलो. आमचं बेट ज्या दूरच्या मोठ्या देशाच्या ताब्यात आहे, तिथला एक मंत्री पाहणीला आला. माझ्यासमोर उभं राहून त्याने फोटो काढून घेतला. "तुम्ही आमचेच आहात," असं म्हणाला आणि गेला. रोवेना कितीतरी महिने ताडपत्रीखाली राहिली.

छप्पर घालून दिलं ते पेल्हम वकिलाने. हा माणूस त्याच मोठ्या देशातून येऊन बंदरावर कचेरी थाटून बसला होता. घामाने निथळत तो माझ्यातून आत आला, चहा प्यायला, भाकरीचं कौतुक केलं आणि हळूच म्हणाला, "मिस रोवेना, मला बहीण नाही हो."

रोवेनाला हसू आलं. "मग? तुमची होडी कुठे आहे?"

"आहेत बऱ्याच. लांब असतात, इथून दिसत नाहीत. तुमचं नुसतं नाव हवंय."

डोक्यावरच्या नव्या पत्र्याकडे पाहून तिने सही केली. पुढे ती सह्या करतच राहिली. वकील बोट ठेवील तिथे नाव. माझ्यावर पितळी पाटी ठोकली गेली आणि माझ्यामागच्या एका खोलीत हजारो कंपन्या राहायला आल्या. मला त्यांतली एकही दिसली नाही. खोलीत होती एक खाट, एक शिवणयंत्र आणि एक मांजर. गव्हर्नरसाहेब पंख खोचलेली टोपी घालून पाहुण्यांना घेऊन यायचे आणि सांगायचे, बेटाची शाळा न् रस्ते या दाराआडच्या कंपन्यांच्या फीवर चालतात. आणि रोवेना? ती दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून त्या सगळ्या न दिसणाऱ्या होड्या सुखरूप परत याव्यात म्हणून प्रार्थना करायची. हे आठवलं की माझ्या फळ्या अजून कुरकुरतात.

एका सकाळी अनोळखी टकटक झाली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावाहून टेंबेका नावाची एक नर्स आली होती. चहा झाला, भाकरी झाली. मग रोवेनाने विचारलं, "काय काम काढलंस पोरी, एवढ्या लांब?"

"आमचा दवाखाना बघायला आले, मावशी."

"इथे कुठला दवाखाना?"

"आमच्या मंत्र्याने बाळंतिणींच्या दवाखान्याचे पैसे ज्या कंपनीत घातले, तिचा पत्ता हा आहे. मालकीण तुम्ही." टेंबेकाने खोलीभर नजर फिरवली. "मला वाटलं, निदान घर तरी मोठं असेल."

"मी होडी समजून नाव दिलं गं."

"आमच्याकडे बायका अजून जमिनीवर बाळंत होतात," टेंबेका म्हणाली. आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने कप धुऊन पालथा ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रोवेना चर्चची टोपी घालून पेल्हमकडे गेली. माझं नाव परत द्या, म्हणाली. तो हसला. तिथून ती थेट गव्हर्नरच्या बंगल्यावर गेली आणि सगळं सांगून आली. टेंबेकाच्या देशातल्या त्या मंत्र्याचं नाव कोर्टात घ्यायलाही ती तयार होती. घरी आल्यावर झीकीला म्हणाली, "आता त्या बायकांना दवाखाना मिळेल बघ." मलाही तसंच वाटलं. दरवाजाला अक्कल ती किती असणार.

मोठ्या देशातून दोन अधिकारी आले. आत येण्याआधी माझ्या उंबऱ्यावर उभे राहून बोलले, ते मी ऐकलं.

"बाई खरं बोलते. धागा सरळ त्या मंत्र्यापर्यंत जातो."

"जातो, पण ओढायचा नाही. त्याच्या देशाच्या बंदरात आपल्या लढाऊ जहाजांना जागा हवीय, बोलणी चालू आहेत."

"आणि पुढच्या महिन्यातली परिषद? काळ्या पैशावर काय केलं म्हणून विचारतील ना सगळे."

"काहीतरी दाखवावं लागेल. सही कोणाची आहे?"

मग त्यांनी टकटक केली आणि रोवेना आतून म्हणाली, "या, उघडंच आहे." तिने त्यांनाही चहा दिला. चहा पिऊन त्यांनी तिला अटक केली. एकाने रीतसर नाव विचारलं. "ते तुमच्याकडेच आहे की," ती म्हणाली. पेल्हम तोवर शेजारच्या बेटावर नवी कचेरी उघडून मोकळा झाला होता.

पण एवढ्यावर भागलं नाही. रोवेनाच्या नावावर जे जे आहे ते जप्त करा, असा हुकूम निघाला. कंपन्यांतले पैसे आधीच पसार झाले होते. उरल्या होड्या. अर्ध्या बंदराला साखळदंड लागले.

"अहो साहेब, ही माझी होडी आहे," झीकी कळवळून सांगत होता. "माझ्या हाताने बांधलीय."

"कागदावर कोणाची?"

"कागदावर बहिणीची. सगळ्यांच्या तशाच असतात."

"मग झालं तर."

होड्या वाळूवर पडून तडकल्या. ज्यांनी माझ्यातून ये-जा करत तिच्या हातचं खाल्लं, ते आता रस्ता बदलून जातात. त्यांचाही राग मला येत नाही, पोरांच्या ताटात मासा नाही त्यांच्या. परवा एक तरुण कोळी आपल्या बहिणीकडे नाव मागायला गेला, तर तिने त्याला घरातही घेतलं नाही. परिषदेत म्हणे आमच्या बेटाचं फार कौतुक झालं. टेंबेकाच्या गावात दवाखाना झाला नाही.

रोवेना मोठ्या देशाच्या तुरुंगात आहे. तिथे दारं बाहेरून लावतात. तिचं वय पाहता ती परत येईल असं मला वाटत नाही. माझी पाटी पुरावा म्हणून नेली आणि मला कुलूप घातलं, जन्मातलं पहिलं. ते आता गंजलंय. मला सरपणाला न्या, पुन्हा एखाद्या जहाजाला ठोका, माझी तक्रार नाही. पण आधी कोणीतरी हे कुलूप काढा.

कारण झीकी रोज संध्याकाळी येतो. दिवसभर धक्क्यावर दुसऱ्यांच्या पेट्या उतरवून दमलेला असतो. कुलूप त्याला दिसतं, तरी तो सवयीने माझ्यावर टकटक करतो आणि मान खाली घालून थांबतो. आतून एकच वाक्य यायला हवं असतं. ते मला पाठ आहे, पण मला ते म्हणता येत नाही. आणि म्हणता आलं असतं, तरी ते आता खोटं ठरलं असतं.