रिकाम्या टबातलं विष

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्ची, खुर्चीपुढे निळा प्लॅस्टिकचा टब आणि टबात आईचे पाय. पाण्यात एक चक्र बुडवलेलं, त्याची वायर महाराजांच्या चकचकीत पेटीत गेलेली. डबीतलं चिमूटभर ‘भस्म’ पाण्यात टाकून त्यांनी बटण दाबलं की पाणी आधी पिवळं व्हायचं, मग तांबूस, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. प्रत्येक रंगाला जमलेल्या बायका ‘अगंबाई’ म्हणत होत्या.

“डोळ्यांनी बघा!” टबमहाराज गरजले. “पिवळं ते यकृतातलं, तांबडं ते रक्तातलं. आणि हा फेस? ही तुमची जुनी चिंता!”

चिंतेला फेस येतो हे दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या लेकीला नवीनच होतं. ती विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकत होती. नदीनाल्यांचं पाणी तिनं बाटल्या भरभरून तपासलं होतं, पण कुठल्याच नमुन्यात चिंता सापडली नव्हती. परीक्षा संपवून ती न कळवता घरी आली होती. आईला चकित करायचं होतं, पण चकित तीच झाली. आई पार अर्धी झाली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, बसल्या जागी धाप लागलेली.

“आई, इन्सुलिन घेतेस ना?”

आईनं शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. उत्तर बाबांनी दिलं. “बंद केलंय. महाराज म्हणाले, एकीकडून विष काढायचं आणि दुसरीकडून टोचून घ्यायचं, हे कसं चालेल?”

“आणि मला फोनवर काहीच नाही सांगितलंत?”

“तुझी परीक्षा होती ना गं,” आई म्हणाली.

लेकीनं बॅग तिथेच टाकली. “चल, उठ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये.”

आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. “आज शेवटचा टब आहे, तेवढा होऊ दे. अगं, पहिल्या दिवशी पाणी काळंकुट्ट झालं होतं. आता बघ किती फिकं पडलंय.”

बाबांनीही मान डोलावली. ते काही भोळे सांब नव्हते. ग्रिल आणि गेट बनवायचं त्यांचं वर्कशॉप होतं, आणि मापात सुताचा फरक पडला तरी ते काम पुन्हा करायला लावत. “तूच सांगतेस ना पोरी, कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका, प्रयोग करून बघा? मग हा प्रयोगच आहे. माझ्या डोळ्यांसमोर होतोय.”

बाबांनी तिचंच ऐकलं होतं, पण अर्धं.

“बाबा, आम्ही प्रयोगात आधी कोरा नमुना तपासतो. ज्यात काहीच मिसळलेलं नाही, असा. त्यातही रंग आला, तर तो नदीचा नाही, आमच्याच भांड्यातला. इथे पाय न घालता टब लावून बघितलाय का कुणी?”

महाराज मंद हसले. “बाळ, रिकाम्या टबात शक्ती उतरत नाही.”

“मग तर घाबरायचं कारणच नाही. पाणी स्वच्छच राहील.”

“बघू द्या की तिला, महाराज,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “तुमचंच नाव होईल.” काकूंची भक्ती खरी होती, म्हणूनच महाराजांना नाही म्हणता येईना.

तिनं आईचे पाय पुसले, टब ओतून धुतला, नळाचं पाणी भरलं. महाराजांच्या डबीतलं ‘भस्म’ जिभेवर ठेवून बघितलं. मीठ! मग स्वयंपाकघरातलं मूठभर मीठ आणून टाकलं आणि बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं, तांबडं झालं आणि बघता बघता काळपट झालं. फेससुद्धा आला. आत कुणाचाही पाय नव्हता.

“हे कुणाचं विष?” तिनं विचारलं. “टबाला मधुमेह झालाय का?”

बाबा पुढे आले. बटण बंद करून त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. सगळा जन्म लोखंड घासण्यात गेला होता त्यांचा.

“गंज आहे,” ते म्हणाले.

“चक्रात लोखंडाच्या पट्ट्या आहेत, बाबा. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की त्या झपाट्यानं गंजतात. मीठ जास्त तर रंग गडद, कमी तर फिका. हे रोज चिमूट लहान करत गेले. आई बरी होत नव्हती, मीठ कमी होत होतं.”

“पण मला पाय हलके वाटायचे गं,” काकू पुटपुटल्या.

“कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की कुणालाही बरं वाटतं, काकू. त्याला महाराज लागत नाहीत, बादली पुरते.”

महाराज पेटी आवरू लागले तशी काकूंनी दाराला कडी घातली आणि पोलिसांना फोन लावायला सांगितलं. तोवर बाबांनी आईला लहान मुलासारखं उचलून मागच्या दारानं बाहेर नेलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी शर्थ केली. पण रक्तातली साखर आणि आम्ल केव्हाच हाताबाहेर गेलं होतं. आईनं एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, “पेपर कसे गेले?”

“छान गेले,” लेक म्हणाली. आईला ते ऐकू गेलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

नंतर लोक भेटायला येत राहिले. कुणीतरी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, “वेळ भरली होती हो. आपल्या हातात काय असतं?” लेक गप्प राहिली. हे वाक्य खोटं आहे हे तिला माहीत होतं, पण बाबांना तेवढा तरी आधार मिळू दे, असं तिला वाटलं.

बाबा मात्र उठून उभे राहिले.

“वेळ भरली नव्हती,” ते म्हणाले. “औषध बंद केलं म्हणून ती गेली, आणि बंद मी केलं. बाहेर असंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा. नशिबावर ढकललंत, तर उद्या दुसरा कुणीतरी बायकोचं औषध बंद करेल.”