दापोड्यातला बर्फ

मे महिन्यात दापोड्यात रजई पांघरून बसणारा माणूस एकच, तो म्हणजे भूपेश. एसी सोळावर, पडदे ओढलेले, आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर बर्फात अडकलेलं एखादं घर. दर रविवारी घर नवं, खुनी नवा, पण आतली माणसं तीच मठ्ठ. फोन बंद पडला की तळघरात उतरणार, दारावर थाप पडली की उघडायला धावणार. भूपेश फरसाण खात त्यांना शिव्या घालायचा. अक्कल गहाण टाकून जन्माला आलीत, म्हणायचा.

आणि हे कुठले शहाणे, असं त्याच्या बायकोला, हेमालीला वाटायचं. जमीन गोदामांना देऊन पैसा आला तसा ह्याने गावातलं घर सोडलं आणि गोदामांच्या मागे तीन मजली बंगला ठोकला. रविवारी गोदामं बंद झाली की आसपास चिटपाखरू नसायचं. तळघर तेवढं बांधायचं राहिलं होतं.

तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीतच, आणि तिला जायचंच होतं. इथे कळा सुरू झाल्या तर हाक मारावी असं माणूस नव्हतं. पण माहेर म्हणजे भिवंडीतल्या कामतघरची चाळ, बाजूला कापड विणणाऱ्या लूमची खडखड. आपलं पोर तिथे जन्मणार, या विचारानेच भूपेशच्या नाकाला मिरच्या झोंबत. शेवटी तो म्हणाला, या रविवारी न्यायला आले तर जा, नाहीतर विषय संपला. हेमाली सकाळपासून बॅग भरून बसली होती. त्यात पिक्चर चालू असताना फोन बंद, हा त्याचा कायदा.

दुपारी दारावर थाप पडली. भूपेशला आधी ती पिक्चरमधलीच वाटली. त्याने पिक्चर थांबवला, तरी थाप थांबेना. दबकत जाऊन तो दाराच्या भिंगातून बघून आला आणि येताना वरची कडीही लावून आला.

"उघडू नको," तो कुजबुजला. "दोघं हायत. तोंडं बांधलीत. हातात पिशवी हाय."

उन्हाळ्यात भिवंडीच्या धुळीतून रिक्षाने येणारं कोण तोंड उघडं टाकून येतं? पण साहेब रिमोट छातीशी धरून सोफ्यामागे उभे होते. हेमालीला आधी हसू आलं, मग शिसारी आली. एवढ्यात बाहेरून हाक आली, "हेमे, उघड गं, ऊन लागतंय."

ती उठली. त्याने तिचं मनगट धरलं. ओळखीचा आवाज काढून फसवतात, म्हणाला. तिने हात झटकला आणि कड्या काढल्या.

दारात तिची आई कमळ आणि भाऊ मनोज. दोघांनी तोंडावरचे रुमाल सोडले. भूपेश लगबगीने पुढे येऊन सासूच्या पाया पडला, जणू दार उघडायला तोच निघाला होता. हेमालीला त्याच्याकडे बघवेना.

कमळने गारठून पदर अंगाभोवती घेतला. टीव्हीवर एक बाई दाराला पाठ लावून थिजली होती, खिडकीपर्यंत बर्फ. ही एवढ्या घरात एकटीच का, तिने विचारलं. बर्फाने रस्ते बंद झालेत, तिथवर कुणी येऊ शकत नाही, जावयाने समजावलं.

कमळ टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "न्यायला मानूस येत न्हाय अशा जागी हिला दिली कुनी?"

मनोजने बॅग उचलली, हेमालीने चपला घातल्या. तेव्हा भूपेश मनोजच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, आजच्या रात्री इथे राहतोस का? मनोजला रात्रपाळी होती.

हेमालीने ते ऐकलं. सकाळपासूनचा राग ओसरला आणि उरली ती नुसती कीव.

"चाळीत चला मग," ती म्हणाली. "सात खोल्यांची मानसं ओट्यावर झोपतात. तुमाला मधे घेतील."

भूपेशने पिक्चरचा शेवट न बघताच कुलूप शोधायला घेतलं.